‘डिलॅपिडेटेड’ : दगड कुणी फेकले?

आमच्या पेपरवर दोन परीक्षकांचे शेरे आले. पहिल्याने चार ओळी लिहून हात झटकले. दुसऱ्याने एकोणीस मुद्दे काढले, आणि खरं सांगायचं तर त्यातले सतरा-अठरा रास्त होते. आलेखाच्या अक्षावर एकक लिहायचं राहिलं होतं, एक संदर्भ चुकला होता, वगैरे. चौदावा मुद्दा मात्र वेगळाच. आम्ही प्रस्तावनेत जुन्या काँक्रीटच्या इमारतींना ‘डिलॅपिडेटेड’ हे विशेषण लावलं होतं. परीक्षकांचं म्हणणं असं, की हा शब्द ‘लापिस’ म्हणजे दगड या लॅटिन शब्दावरून आलाय, तेव्हा तो दगडी बांधकामालाच लागू होतो. काँक्रीटची इमारत डिलॅपिडेटेड असूच शकत नाही.

आमचे गाइड म्हणाले, “अगं, वाद कशाला घालतेस? ‘डिटेरिओरेटेड’ लिही आणि पुढे चल.” मी लिहिलं आणि पुढे गेले. पण रात्री झोप येईना. माझा विषय सिमेंटचं रसायनशास्त्र, भाषाशास्त्र नव्हे. तरीही एखादा दावा दिसला की तो तपासून बघायचा, एवढी सवय तर पीएचडीने लावलीच आहे. म्हणून हा ब्लॉग. नेहमीसारखा आलेख नाही यात, पण शेवटी सिमेंटपाशी येणारच आहे, घाबरू नका.

आधी शेऱ्यातला तर्क बघू. शब्दाचं मूळ क्ष आहे, म्हणून आजचा अर्थ क्ष असलाच पाहिजे, असा तो तर्क. इंग्रजीत याला ‘एटिमॉलॉजिकल फॅलसी’ म्हणतात. आपण त्याला व्युत्पत्तीचा घोळ म्हणू. मराठीत उदाहरण हवं तर स्वयंपाकघरात जा. ‘तेल’ हा शब्द संस्कृत ‘तैल’वरून आला आणि तैल म्हणजे तिळाचं. मग शेंगदाण्याच्या तेलाला तेल म्हणायचं नाही का? आणि खोबरेल? रॉकेललाही लोक ‘घासलेट तेल’ म्हणायचे, तिथे तर तीळ औषधालाही नव्हता. बोलणाऱ्यांना तिळाची आठवण राहिलेली नाही, आणि राहायची गरजही नाही. शब्द कुठून निघाला हे एक, आणि आज कुठे राहतो हे दुसरं. त्याचा पत्ता विचारायला त्याच्या जन्मगावी जाऊन उपयोग नाही.

एवढ्यावर मुद्दा संपला असता. पण मी शब्दकोश उघडले आणि लक्षात आलं, की परीक्षकांचा तर्क चुकीचा आहेच, शिवाय ज्या व्युत्पत्तीवर तो उभा आहे तीही अर्धवट आहे. इथून खरी गंमत सुरू होते.

प्रचलित समजूत अशी : ‘डि’ म्हणजे वेगळे, ‘लापिस’ म्हणजे दगड, म्हणून डिलॅपिडेटेड म्हणजे ज्याचे दगड निखळून वेगळे पडलेत असं घर. चित्र किती छान आहे बघा. पडका वाडा, ढासळलेली भिंत, खाली चिऱ्यांचा ढीग. इतकं छान, की कुणाला शंकाच येत नाही. पण लॅटिनमध्ये हा शब्द असा बनलेला नाही. मधे एक क्रियापद आहे, ‘लापिदारे’, म्हणजे दगड मारणे, दगडफेक करणे. त्याला ‘दिस्’ हा उपसर्ग लागला : इकडे-तिकडे, चहूकडे. ‘दिलापिदारे’ म्हणजे दगड भिरकावावेत तसं एखादी गोष्ट चहूकडे फेकून देणे. आणि रोमन लोक हे क्रियापद वापरायचे ते मुख्यतः पैशाबद्दल. इ.स.पू. १६१ मध्ये रंगभूमीवर आलेल्या टेरेन्सच्या ‘फोर्मिओ’ या नाटकात एका म्हाताऱ्याला काळजी पडलेली असते, की आपले तीस मिना त्या लबाड माणसाने उडवून टाकायच्या आत ते परत कसे मिळवायचे. तिथे उडवून टाकणे यासाठी आलेलं क्रियापद हेच. ना घर, ना भिंत.

मराठी माणसाला हे समजायला खरं तर काहीच अडचण नाही, कारण आपल्याकडे ‘उधळणे’ आहे. भंडारा उधळतात, गुलाल उधळतात, फुलं उधळतात आणि बापाची इस्टेटही उधळतात. मुठीने हवेत भिरकावणं आणि पैसा नासणं या दोन्हीला एकच क्रियापद. लॅटिनने गुलालाऐवजी दगड घेतले, इतकाच फरक. ‘पैसे उधळले’ म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे गुलाल नसतो, तसे टेरेन्सच्या प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे दगड असतील असं मला वाटत नाही. इंग्रजी शब्दकोश हा दगडापासून उधळपट्टीपर्यंतचा प्रवास समजावताना थोडे अडखळतात. मराठीत ते एका शब्दात होतं.

दगडाशी हे क्रियापद खरोखर खेळतं अशी एक जागा लॅटिनमध्ये आहे, आणि ती मला फार आवडली. कोलुमेला नावाचा इसवी सनाच्या पहिल्या शतकातला शेतीवर लिहिणारा लेखक. त्याच्या ग्रंथाचा दहावा भाग पद्यात आहे, विषय परसबागेचा. तिथे माणसांची आणि बैलांची मेहनत गारपीट मातीमोल करते, असं सांगताना तो हेच क्रियापद वापरतो. गारांचा मारा म्हणजे दगडांचाच मारा, आणि कष्टांची उधळणही. दोन्ही अर्थ एका ठिकाणी. आता आपल्याकडे बघा : ‘गार’ म्हणजे हिमाची गोटी आणि ‘गार’ म्हणजे चकमकीचा दगडही. गारगोटी त्यातलीच. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात आणि विदर्भात गारपीट झाली होती, तेव्हा रब्बीच्या आडव्या पडलेल्या पिकांचे फोटो ज्यांनी पाहिलेत त्यांना कोलुमेलाची ओळ समजवायला भाष्यकार लागणार नाही.

म्हणजे क्रम असा : आधी दगडफेक, मग उधळपट्टी, आणि इमारत खूप नंतर. लॅटिनच्या लेकी आजही आईच्याच वाटेवर आहेत. फ्रेंच ‘दिलापिदे’, स्पॅनिश ‘दिलापिदार’, इटालियन ‘दिलापिदारे’ या तिन्हींचा रोजचा अर्थ संपत्ती उधळणे हाच. पॅरिसमध्ये एखाद्याने वारसा ‘दिलापिदे’ केला म्हटलं तर त्याने तो जुगारात घालवला असेल, वाड्याचं छप्पर गळत असेल असं नाही. घराकडे वळली ती फक्त इंग्रजी. का वळली? याचं उत्तर चर्चमध्ये आहे.

इंग्लंडमधल्या गावच्या पाद्र्याला चर्चकडून राहायला घर मिळायचं, थोडी शेतजमीन मिळायची, त्या जमिनीवर झाडं असायची. हे सगळं त्याच्या ताब्यात, पण मालकी त्याची नाही. तो पदावर आहे तोवर उपभोग घ्यायचा, आणि नंतर येणाऱ्याच्या हाती नीट सोपवायचं. आता माणूस म्हटला की मोह आलाच. छप्पर शाकारायला पैसे घालण्यापेक्षा मुलीच्या लग्नात घातलेले बरे. ओकची झाडं तोडून विकली तर चार पैसे मिळतील. पुढच्या पाद्र्याचं पुढचा पाद्री बघेल. चर्चच्या मालमत्तेची ही जी उधळपट्टी, तिला कायद्यात ‘डिलॅपिडेशन’ म्हणत. १७५५ साली सॅम्युअल जॉन्सनचा प्रसिद्ध शब्दकोश निघाला, त्यात या नामाचा अर्थ असाच दिलाय : पदावरच्या पाद्र्याने दुरुस्ती न करून चर्चची बांधकामं मोडकळीला येऊ देणं, आणि चर्चच्या जंगलाची मुद्दाम नासाडी करणं हेही त्यातच. झाडं तोडणं हेही डिलॅपिडेशन! दगडाचा संबंधच नाही. दुसरे परीक्षक महाशय हे वाचत असतील तर कृपया नोंद घ्यावी.

नव्या पाद्र्याला हक्क होता, की आधीच्या पाद्र्याकडून, आणि तो वारला असेल तर त्याच्या मिळकतीतून, दुरुस्तीचा खर्च वसूल करायचा. मग काही हुशार पाद्री काय करू लागले? मरायच्या आधी सगळी चीजवस्तू मुलाबाळांच्या नावावर करून मोकळे. वसूल करायला गेलं तर मागे काही शिल्लकच नाही. हा प्रकार इतका वाढला, की पहिल्या एलिझाबेथच्या काळात, १५७१ मध्ये, असले व्यवहार मोडीत काढणारा कायदा करावा लागला. साडेचारशे वर्षांपूर्वीचे पाद्री आणि आजचे कर्जबुडवे यांच्यात डोक्याचा फरक फारसा नाही, हे वाचून मला उगाच आपलेपणा वाटला.

हे सगळं माहीत नसेल तर एखादी चांगली कादंबरीसुद्धा हातातून निसटते. जेन ऑस्टेनची ‘मॅन्सफील्ड पार्क’ (१८१४) मी एमएस्सीच्या सुट्टीत वाचली होती. त्यात मिसेस नॉरिस ही पाद्र्याची विधवा. नवरा गेल्यावर तिला चर्चचं घर सोडावं लागतं आणि तिथे नवे पाद्री डॉक्टर ग्रँट येतात. दोघांचं एकमेकांशी कधीच पटत नाही, आणि ऑस्टेन जाता जाता म्हणते, की यांची ओळखच मुळी डिलॅपिडेशन्सपासून सुरू झाली. तेव्हा मला वाटलं होतं, काहीतरी काव्यात्म आहे, पडझड झालेल्या घराची पार्श्वभूमी वगैरे. छे! ते निव्वळ भांडण आहे. घराच्या दुरुस्तीचे किती पैसे विधवेने भरायचे, यावरून झालेली घासाघीस. ऑस्टेन स्वतः पाद्र्याची मुलगी, तिला हे व्यवहार घरातूनच माहीत असणार. एका शब्दात तिने दोन माणसांची पहिली भेट उभी केली, आणि मी त्या शब्दावरून तशीच पुढे गेले. शब्दाचा जुना अर्थ माहीत असण्याचा खरा फायदा हा. आज तो कसा वापरायचा याचे फतवे काढण्यासाठी नाही, जुनं वाचताना फसू नये यासाठी.

पाद्र्यांसाठी १८७१ मध्ये वेगळा कायदा झाला, जागा रिकामी झाली की सर्व्हेअरने येऊन घर तपासायचं अशी पद्धत बसली, आणि १९७२ मध्ये ती सगळी जुनी व्यवस्थाच मोडीत निघाली. पण शब्द गेला नाही. इंग्लंडमध्ये आजही कंपनीने ऑफिस भाड्याने घेतलं आणि मुदत संपली, की मालकाचा सर्व्हेअर हातात यादी घेऊन येतो. ती यादी म्हणजे ‘शेड्यूल ऑफ डिलॅपिडेशन्स’. भिंतीला भोकं पाडलीत, गालिचा फाडलात, पन्हळी साफ केल्या नाहीत, काढा पैसे. मालकांनीही सोकावू नये म्हणून १९२७च्या घरमालक-भाडेकरू कायद्यात एक कलम आहे : नुकसानभरपाई मालमत्तेच्या किमतीत जितकी घट झाली त्याच्यापेक्षा जास्त मागता येत नाही, आणि मालक नाहीतरी इमारत पाडणारच असेल तर दुरुस्तीचे पैसे मागायचेच नाहीत. मला हे कलम फार समंजस वाटतं.

या सगळ्यात एक गोष्ट लक्षात आली का? चर्च असो की ऑफिस, डिलॅपिडेशन हे नाम जिथे जातं तिथे सोबत एक माणूस घेऊन जातं. कुणीतरी केलं किंवा करायचं ते केलं नाही, आणि त्याने भरायचं आहे. विशेषण झालं, की हा माणूस गायब होतो. ‘डिलॅपिडेटेड’ हे व्याकरणाने कर्मणी भूतकालवाचक रूप, म्हणजे ‘उधळून टाकलेलं’. त्यात कर्ता गृहीत आहे. पण एकोणिसाव्या शतकापासून ते घरं, गाड्या, टोप्या, कोट अशा कशालाही लागू लागलं आणि त्याचा अर्थ फक्त ‘जुनाट, मोडकं’ एवढाच उरला. जणू घर आपलं आपण उधळलं गेलं.

असाच प्रवास ‘रॅमशॅकल’ या शब्दाचा झालाय. हाही मोडक्या-तोडक्या वस्तूचं विशेषण. त्याच्या मुळाशी जुन्या नॉर्स भाषेतलं ‘रान्साका’ : ‘रान’ म्हणजे घर, पुढचा भाग शोधण्याचा. चोरीचा माल आहे का बघायला घराची झडती घेणे. त्यावरून इंग्रजीत ‘रॅन्सॅक’, म्हणजे झडती घेता घेता लुटणं. त्यावरून ‘रॅन्सॅकल्ड’, आणि मग ‘रॅमशॅकल’. म्हणजे मुळात झडती घेऊन विस्कटून टाकलेलं घर. विस्कटणारा निघून गेला, खिळखिळं घर तेवढं मागे राहिलं. ‘डेक्रेपिट’ची गोष्ट वेगळी. त्याच्या मुळाशी करकर वाजण्याचं क्रियापद आहे, तिथे कर्ता कधीच नव्हता, नुसता आवाज होता.

आणि आपलं ‘जीर्ण’? ते तर पूर्णपणे काळाचं आहे. संस्कृतातला ‘जॄ’ हा धातू म्हणजे म्हातारं होणं, झिजणं. त्याच धातूवरून जरा, जर्जर. ग्रीकमधला म्हातारा म्हणजे ‘गेरोन’ हाही दूरचा भाऊ, ज्याच्यावरून वृद्धांच्या शास्त्राला ‘जेरोंटॉलॉजी’ म्हणतात. जीर्ण या शब्दाचा दुसरा अर्थ पचलेलं. म्हणूनच न पचलं तर अजीर्ण. जीर्ण वस्त्र म्हणजे काळाने पचवलेलं वस्त्र, असं म्हणायचा मोह होतो. पण मीच वर व्युत्पत्तीच्या घोळावर प्रवचन दिलंय, तेव्हा आवरते. मुद्दा एवढाच, की ‘जीर्ण’मध्ये दोष कुणाचाच नाही. ‘मोडकळीस आलेली’मध्येही नाही. इमारत स्वतःच चालत चालत मोडकळीस येते. एरवी मराठी याबाबतीत फार चोख आहे. ‘भिंत पडली’ आणि ‘भिंत पाडली’ यात एका कान्याचा फरक, पण त्या कान्यात माणूस उभा असतो.

आता माझ्या विषयाकडे. काँक्रीटची इमारत जीर्ण होते म्हणजे नक्की काय होतं? आणि त्यात ‘पडणं’ किती, ‘पाडणं’ किती?

काँक्रीटमधल्या सळईला गंज चढत नाही, कारण सिमेंटमुळे आतलं पाणी प्रचंड अल्कधर्मी असतं. पीएच साडेबारा-तेराच्या आसपास. या वातावरणात सळईवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो आणि तोच तिचं कवच. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड छिद्रांतून आत शिरत राहतो. सिमेंटमधल्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडशी त्याची अभिक्रिया होऊन कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं आणि पीएच नऊच्या खाली येतो. याला कार्बोनेशन म्हणतात. ही आघाडी पृष्ठभागाकडून आत सरकत सळईपर्यंत पोचली, की कवच गेलं. मग ओल आणि ऑक्सिजन मिळाला की गंज. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा घेतो, आतून दाब येतो, आणि एक दिवस स्लॅबचे पोपडे खाली येतात.

यात एक गंमत आहे, आणि ती परीक्षकांना सांगायला मी उतावीळ आहे. कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे चुनखडीचा दगड. म्हणजे काँक्रीट म्हातारं होताना चक्क दगडाकडे जातं! कार्बोनेशन झालेला साध्या सिमेंटचा पृष्ठभाग आधीपेक्षा जरा टणकच होतो. म्हणून जुन्या इमारतीवर हातोड्याची ‘रिबाउंड’ चाचणी घेतली तर ती ताकद वाजवीपेक्षा जास्त दाखवते आणि नवशिके फसतात. बरं, पोर्टलंड सिमेंट हे नाव तरी कुठून आलं? १८२४ मध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिनने पेटंट घेताना ते दिलं, कारण त्याचं सिमेंट इंग्लंडच्या पोर्टलंडच्या दगडासारखं दिसायचं. आणि काँक्रीटच्या आकारमानात साठ ते पंचाहत्तर टक्के तर खडी-वाळूच असते. काँक्रीटमध्ये दगड नाही असं म्हणणाऱ्याने मिक्सरजवळ एकदा उभं राहावं.

तर, काळ. कार्बोनेशनची खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. ढोबळमानाने, नऊ वर्षांत आघाडी दहा मिलिमीटर आत गेली असेल, तर वीस मिलिमीटरला पोचायला अठरा नाही, छत्तीस वर्षं लागतात. म्हणून सळईवर काँक्रीटचं आवरण किती आहे याला फार महत्त्व. आयएस ४५६ मध्ये सौम्य वातावरणासाठी ते वीस मिलिमीटर सांगितलंय आणि तीव्र वातावरणासाठी पंचेचाळीस. जाडी सव्वादोनपट, पण वर्गमुळाच्या हिशेबाने आयुष्य पाचपट. आणि उलटा हिशेब पण करा. स्लॅब ओतताना सळईखाली कव्हर ब्लॉक ठेवलेच नाहीत, मजूर सळयांवरून चालले, सळई खाली दबली आणि विसाच्या जागी दहाच मिलिमीटर आवरण राहिलं, तर छत्तीसच्या जागी नऊ वर्षं. कागदावर इमारतीचं वय तेच, पण त्या सळईची सत्तावीस वर्षं कुणीतरी त्या एका दुपारी उधळून टाकली. लॅटिन अर्थाने, अक्षरशः डिलॅपिडेट केली.

दुसरी गोष्ट पाण्याची. कार्बोनेशन सळईपर्यंत पोचलं म्हणजे लगेच गंज सुरू होतो असं नाही. काँक्रीट कोरडं राहिलं तर गंज अगदी रेंगाळत चालतो. त्याला घाई होते ती गळतीने. वरच्या मजल्यावरच्या मोरीचा पाइप, गच्चीवरची टाकी, भिंतीतून उगवलेला पिंपळ. यातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी बघितलेली असते आणि कुणीतरी ‘बघू नंतर’ म्हटलेलं असतं.

हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर एक ठरावीक जिना आहे. माझी आजी गिरगावात ज्या इमारतीत पन्नास वर्षं राहिली, तिला काही वर्षांपूर्वी नोटीस लागली. वर इंग्रजीत ‘डिलॅपिडेटेड अँड डेंजरस’, खाली मराठीत ‘मोडकळीस आलेली व धोकादायक’. आजीने ती चष्मा लावून वाचली आणि एकच विचारलं, “आली म्हणजे? कुणी आणली?” तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. भाडेकरू म्हणत, मालकाने वीस वर्षं गच्चीची गळती काढली नाही, त्याला इमारत पडायलाच हवी होती. मालकाचा मुलगा म्हणे, १९४७च्या भाडेकायद्याने भाडी १९४०च्या पातळीला गोठवली, महिन्याच्या भाड्यात गवंड्याची एका दिवसाची मजुरीसुद्धा सुटत नाही, मी गच्ची कुठून करू? दोघंही खोटं बोलत नव्हते. पण नोटिशीतल्या विशेषणाने दोघांनाही मोकळं केलं. कुणीच काही केलेलं नव्हतं, इमारतच तेवढी मोडकळीस आलेली होती. आजी दीड वर्ष काकांकडे राहिली आणि तिथेच गेली. त्या जागेवर अजून पत्रे ठोकलेले आहेत.

मान्य आहे, एका विशेषणाकडून मी फार मागते आहे. प्रत्येक शब्दाने सोबत आरोपी हजर करावा असं नाही. आणि विज्ञानात आपण कर्ता वगळतो त्याला बऱ्याचदा प्रामाणिक कारण असतं : तो खरंच माहीत नसतो. सळई उघडी पडलेली दिसते, ती कव्हर ब्लॉक नव्हते म्हणून की खारी हवा म्हणून, हे नुसतं बघून सांगता येत नाही, आणि न मोजता सांगू पण नये. माझी तक्रार वेगळी आहे. मोजून झाल्यावरही आम्ही तसंच लिहितो. आमच्या पेपरमध्ये आवरणाची जाडी मोजलेली होती, गळतीच्या जागा आराखड्यावर दाखवलेल्या होत्या, आणि तरी प्रस्तावनेत मी एक जुनाट विशेषण टाकून मोकळी झाले होते. परीक्षकांनी बोट बरोबर वाक्यावर ठेवलं, कारण मात्र भलतंच दिलं.

आणि गाइडनी सुचवलेला ‘डिटेरिओरेटेड’? तोही शोधला. लॅटिनमध्ये ‘देतेरिओर’ म्हणजे ‘अधिक वाईट’. म्हणजे डिटेरिओरेटेड म्हणजे ‘वाईट झालेलं’. संपलं. कोण नाही, कशाने नाही, दगडसुद्धा नाही. त्यापेक्षा माझा आधीचा शब्द बरा होता, त्याच्या पोटात निदान एक उधळ्या माणूस लपलेला होता.

शेवटी मी दोन्ही शब्द काढले. त्या जागी तीन वाक्यं लिहिली : आवरण किती सांगितलं होतं आणि किती सापडलं, गळती कुठे होती, आणि दुरुस्तीची नोंद कुठल्या सालानंतर मिळत नाही. प्रस्तावना थोडी लांबली आणि शब्दमर्यादा ओलांडली गेली, म्हणून निष्कर्षातली दोन वाक्यं कापली. गाइडनी ते वाचून नुसतं “हं” म्हटलं. त्यांच्या भाषेत ही शाबासकी असते. चौदाव्या मुद्द्याच्या उत्तरात मी एवढंच लिहिलं, की शब्द बदलला आहे, आभारी आहोत. टेरेन्स, कोलुमेला आणि पाद्र्यांची ओकची झाडं त्यात घालावीत असं फार वाटत होतं. ती इथे घातली.